बारोलोची जुनी सालं

बारोलो ही इटलीतली लाल वाईन कोवळी असताना पिऊ नये, असं सगळेच सांगतात. म्हातारी झाल्यावर ती कशी लागते, हे सांगणारे मात्र फार भेटत नाहीत. तेवढा धीर आणि तेवढे पैसे एकाच माणसाकडे सहसा नसतात. माझ्याकडे दोन्ही नाहीत, पण तुरिनला धाकटा दीर आहे. त्याच्या ऑफिसातल्या एका मुलीच्या वडिलांचा कास्तिलियोने फाल्लेत्तो गावात छोटासा द्राक्षमळा आणि तळघर आहे. नोव्हेंबरात आम्ही तिकडे जाणार म्हटल्यावर तिने वडिलांना गळ घातली, आणि त्यांनी चक्क जुन्या सालांच्या बाटल्या उघडायची तयारी दाखवली. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्या बाटल्या विक्रीच्या नव्हत्याच. वाचून उद्या कोणी दारात उभं राहिलं तर तिची पंचाईत व्हायची.

तुरिनहून अल्बापर्यंत सपाट रस्ता आहे. अल्बा म्हणजे चॉकलेटवाल्या फेरेरोचं गाव. 1946 साली इथे कंपनी सुरू झाली आणि डोंगरातल्या गावोगावची माणसं बसने कारखान्यात येऊ लागली. बाकीची तुरिनला फियाटमध्ये गेली. आज या टेकड्यांवर एकराचे भाव ऐकून डोळे फिरतात, पण त्या काळी लांगे, म्हणजे अल्बाभोवतीच्या या टेकड्या, हा गरिबीने पिचलेला भाग होता. द्राक्षं पिकवणारा शेतकरी ती व्यापाऱ्याला विकून मोकळा व्हायचा आणि व्यापारी देईल तो भाव घ्यायचा. स्वतःच्या मळ्याचं नाव घालून स्वतः बाटली भरणं हे बऱ्याच घरांनी साठ-सत्तरच्या दशकानंतर सुरू केलं.

अल्बा सोडलं की चढ लागतो. ला मोर्राच्या चौकातून खाली पाहिलं तर दऱ्यांमध्ये धुकं साचलेलं, त्यातून वर आलेल्या टेकड्यांवर पिवळ्या-तांबड्या झालेल्या वेली, आणि लांब पश्चिमेला बर्फाने भरलेला मोन्विझो पर्वत. 2014 साली युनेस्कोने या सगळ्या टापूला जागतिक वारसा ठरवलं. मला कौतुक वाटलं ते उताराचं. माझं आजोळ निफाडकडचं. तिथे सपाट काळी जमीन, लोखंडी अँगलवर चढवलेला मांडव आणि त्याखाली वाकून काम करणारी माणसं. इथे ट्रॅक्टर तिरपा चालवायला छाती लागते. आणि ऑक्टोबरात आमच्याकडे गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होते, तेव्हा इथे नेब्बियोलो द्राक्षांची तोडणी चाललेली असते. आपली वेल नीट झोपतच नाही. यांची सगळा हिवाळा गाढ झोपते.

नेब्बियोलो हे मोठं नखरेल वाण आहे. फुटायला पहिलं आणि पिकायला शेवटचं. टेकडीच्या दक्षिणेकडच्या उतारालाच खुश असतं. बारोलो म्हणजे शंभर टक्के नेब्बियोलो, तीही ठरलेल्या अकरा गावांच्या हद्दीतली. पश्चिमेला ला मोर्रा आणि बारोलो गावाकडे निळसर मार्लची, म्हणजे चुना मिसळलेल्या चिकणमातीची जमीन, तिथली वाईन सुगंधी आणि त्यातल्या त्यात मवाळ. पूर्वेला सेर्रालुंगा आणि मोन्फोर्तेकडे जमीन आणखी जुनी आणि कडक, तिथली वाईन ताठ. कास्तिलियोने फाल्लेत्तो या दोन्हींच्या मध्ये येतं.

तळघरात शिरताच समोर लाकडी पिंपं. पिंपं कसली, खोल्याच त्या. स्लाव्होनियाच्या ओकची, हजारो लिटरची, त्यातली काही आमच्या यजमानांच्या वडिलांच्या वेळची. इथे त्यांना बोत्ती म्हणतात. जुनी रीत अशी: रस द्राक्षाच्या सालांसकट महिनाभर, कधी त्याहून जास्त ठेवायचा. वर तरंगणारी सालं लाकडी फळ्या लावून बुडवून धरायची. मग या पिंपांत काही वर्षं मुरवायची. आजच्या नियमानेही बारोलो किमान 38 महिने मुरावी लागते, त्यातले 18 लाकडात. इतकं करून बाटलीत गेलेली वाईन सुरुवातीला इतकी तुरट असते की जीभ टाळ्याला चिकटते.

ऐंशीच्या दशकात काही तरुणांनी याविरुद्ध बंड केलं. काही दिवसांतच सालं काढायची आणि 225 लिटरच्या नव्या फ्रेंच पिंपात वाईन ठेवायची. लवकर पिण्याजोगी आणि अमेरिकेत खपेल अशी. एलियो आल्तारे नावाच्या तरुणाने तर वडिलांची बोत्ती साखळी-करवतीने कापून काढली. दुसऱ्या बाजूला बार्तोलो मास्कारेल्लो आपल्या हाताने लेबलं रंगवायचे. त्यातलं एक जगभर गाजलं: छोटं पिंप नको आणि बेर्लुस्कोनीही (इटलीचा राजकारणी) नको. घराघरांत अबोला धरण्याइतका तो वाद पेटला होता. आता निवळलाय. दोघांनीही एकमेकांचं थोडं थोडं गुपचूप उचललं, असं यजमानांची लेक म्हणाली. वडील त्यावर काही बोलले नाहीत.

बाटल्या दोन दिवस आधीपासून उभ्या करून ठेवल्या होत्या, गाळ तळाशी बसावा म्हणून. सालं होती 2008, 2003, 1996, 1990, 1982 आणि 1978. दिराला गाडी चालवायची होती, त्यामुळे तो प्रत्येक घोट प्रामाणिकपणे बादलीत टाकत होता. दोन ग्लासांनंतर तो म्हणाला, "वहिनी, माझ्या वाटचं तू पी, पण निदान तोंड तरी गंभीर ठेव."

प्रत्येक बाटली उघडण्याआधी यजमान बोलायचे ते वाईनबद्दल नाही, हवेबद्दल. फुलोऱ्याच्या वेळी पाऊस होता का, ऑगस्ट कसा गेला, रात्री थंड होत्या का, गारा पडल्या का. लेक इंग्रजीत सांगायची, पण हातवाऱ्यांवरूनच अर्धं कळत होतं. माझा मामाही असाच बोलतो. अमुक वर्षी पोराचं लग्न झालं, हे त्याला चटकन आठवत नाही. त्या वर्षी डावणी, वेलीवरची ती बुरशी, किती आली होती, ते आठवतं.

2008 मी फार लांबवत नाही. स्वच्छ, सरळ आणि अजून कडक, पण दिवस चांगले येणार याची खात्री देणारी.

2003 वेगळी. युरोपात त्या उन्हाळ्यात उष्णतेने माणसं दगावली होती, त्याच उन्हाची ही वाईन. एरवी ऑक्टोबरात होणारी तोडणी त्या वर्षी सप्टेंबरातच उरकली. घडाला ऊन लागावं म्हणून आजूबाजूची पानं काढायची इथली सवय. त्या वर्षी ज्यांनी ती पाळली त्यांचे मणी वेलीवरच भाजले. ग्लासात नाक घातलं की मनुका आणि शिजवलेला मुरंबा. जिभेवर आधी गोडसर भरीवपणा आणि मागून कोरडा, न पिकलेला तुरटपणा. साखर पुढे पळाली आणि द्राक्षाचं साल मागे राहिलं, की असंच होतं. एकाच टेबलावर ती 1996 पेक्षा म्हातारी दिसत होती. वाइट नव्हे, पण तिच्यासाठी थांबण्यात आता काही अर्थ नाही.

2002 चं काय, असं मी विचारलं. यजमानांनी हात झटकले. सप्टेंबरच्या सुरुवातीला गारपिटीने बारोलो गावाच्या आसपासचे उतार झोडपले, आणि अनेकांनी त्या सालाची बारोलो भरलीच नाही. जाकोमो कोंतेर्नो यांच्या घराण्याने मात्र त्याच साली आपली मोन्फोर्तीनो नावाची बारोलो काढली आणि ती नावाजलीही गेली. मळा सेर्रालुंगाला, गारांच्या वाटेबाहेर. साल वाईट म्हणून सगळंच वाईट, असं नसतं. 2014 च्या गारपिटीत मामाचा मळा गेला तेव्हा दोन शिवारं पलीकडच्यांचा माल शाबूत होता, ते आठवलं.

1996 वर मी सगळ्यात जास्त रेंगाळले. थंड, लांबलेलं साल. नेब्बियोलोचा रंग मुळातच फिका, त्यात आता कडा विटकरी झालेली. वास पहिल्यांदा जवळजवळ काहीच नाही. पंधरा-वीस मिनिटांनी डांबर आलं, अगदी तापलेल्या रस्त्याचं, आणि त्यामागून आजीच्या गुलकंदाची बरणी उघडावी तसा गुलाब. डांबर आणि गुलाब हे बारोलोचं पुस्तकी वर्णन मी बरेचदा वाचलं होतं आणि दर वेळी ते लिहिणाऱ्यांची हौस समजून सोडून दिलं होतं. आंबटपणा अजून टवटवीत. तुरटपणा आहे, पण त्याची धार गेलीय, कणा राहिलाय. दीर या एका ग्लासापाशी बादली विसरला आणि मग लहान घोट गिळून अपराधी चेहऱ्याने माझ्याकडे बघत बसला.

त्यानंतर 1990 जरा लाडावलेली वाटली. गरम वर्ष, भरदार, सगळ्यांना आवडेल अशी. 1990 चा गवगवा मोठा आणि किंमतही तशीच. मला विचाराल तर मी 1996 घेईन.

1982 चं बूच काढताच यजमानांनी नाक वाकडं केलं. ओल्या पुठ्ठ्याचा वास. बूच खराब झालं होतं. एक शब्द न बोलता त्यांनी बाटली बाजूला ठेवली. साल उत्तम, मळा तोच, हात तेच, पण मध्ये एक बोटभर बूच असतं. हे 82 चं पीक बाजारात आलं तेव्हाची गोष्ट त्यांनी सांगितली. 1986 च्या मार्चमध्ये इटलीत स्वस्त वाईनमध्ये मिथेनॉल मिसळल्याचं उघड झालं आणि वीसहून अधिक माणसं मेली. भेसळीतला एक मोठा धागा इथून जवळच्या नार्झोले गावात निघाला. विषारी दारूच्या बातम्या आपल्याला नव्या नाहीत. इथे इटालियन वाईनची निर्यात कोसळली, प्रामाणिक माणसांचा मालही पडून राहिला, आणि मग कायदे, तपासण्या, दर्जा यांची भाषा सुरू झाली. चांगल्या सालाची बारोलो तयार होती, पण गिऱ्हाईक इटालियन बाटलीला हात लावायला घाबरत होतं.

शेवटी 1978. बाटलीच्या खांद्यावर काचेतच उठावाने 'अल्बेइझा' अशी अक्षरं. या भागातली ही जुन्या घडणीची बाटली 1973 साली इथल्या उत्पादकांनी एकत्र येऊन पुन्हा सुरू केली. मानेवर सरकारी दर्जाची पट्टी नाही, कारण बारोलोला तो वरचा दर्जा मिळाला 1980 मध्ये. त्या वर्षी फुलोरा बिघडला, माल थोडा धरला, उन्हाळाही थंडच गेला. सगळे हात डोक्याला लावून बसले असताना शरदात लख्ख, कोरडं ऊन पडलं आणि थोडक्या घडांत सगळा जीव उतरला. ही वाईन यजमानांच्या वडिलांनी केलेली.

बूच दोन पात्यांच्या चिमट्याने काढलं, तरी अर्धं तुटून आत पडलं. मग मेणबत्तीच्या उजेडात बाटलीची मान धरून इतक्या सावकाश ओतणं चाललं की मध्ये कोणी बोललं नाही. गाळ मानेपाशी दिसताच हात थांबला. रंग तांबूस-नारिंगी, ग्लासातून पलीकडचं टेबल दिसेल इतका पारदर्शक. आधी कोंदट, बंद खोलीचा वास. मग तो गेला आणि तंबाखू, ओली पानं, अळंबी, चामडं, आणि खूप लांबून सुकलेला गुलाब. तुरटपणा जवळजवळ विरघळलेला. आंबटपणाने सगळं तोलून धरलेलं. तासाभराने मात्र ती उतरू लागली. जेवण येईपर्यंत ग्लासात नुसता आंबटपणा आणि थोडा चहाचा वास उरला होता. यजमानांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी त्यांचा ग्लास वेळेवर संपवला होता.

जेवायला ताजारिन होत्या, किलोभर पिठाला तीस-चाळीस बलक घालून केलेल्या बारीक शेवया, लोणी आणि सेजची पानं. त्यासोबत बारोलो नाही, साधी रोजची बार्बेरा. तीन ग्लास बार्बेरा आणि भरपूर शेवया, अशी दुपार बारोलोने मिळत नाही.

निघताना विकत काय घ्यावं ते विचारलं. लेक म्हणाली, 2016 ठेवायला, 2017 प्यायला. 2017 उष्ण आणि कोरडं साल, लवकर तयार झालेलं. पण बाप मध्येच म्हणाला, तुमच्याकडे तळघर आहे का? बारोलोला वर्षभर बारा-चौदा अंश हवेत. आमच्या नाशिकच्या फ्लॅटमध्ये मेमध्ये रात्रीही पंखा गरम हवा फेकतो. फ्रिजमध्ये दहा वर्षं ठेवायची तर कोथिंबीर कुठे ठेवू? म्हणून 2017 च्या दोन बाटल्या बॅगेत घातल्या. कस्टमवाले माणशी दोन लिटर सोडतात, त्यात बसल्या. 2016 च्या बाटल्या दिराच्या इमारतीच्या तळघरात, प्रत्येक फ्लॅटला मिळणाऱ्या कोठडीत, आडव्या ठेवल्यात. भाडं म्हणून दर पाच वर्षांनी एक बाटली त्याची, असं ठरलंय, आणि त्या दिवशी गाडी मी चालवायची.