आजीचं बीपीचं यंत्र आणि आरएक्सचं इंजिन

मामाची आरएक्स १००, म्हणजे यामाहाची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल, ठाण्यात कळव्याच्या पुलावर इंजिन जाम होऊन थांबली तेव्हा मागे टीएमटीची बस होती. क्लच दाबला म्हणून पडले नाही. मी स्वतः इंजिन बांधल्यापासून गाडी जेमतेम ४० किलोमीटर चालली होती. ढकलत कोलबाडला आणली आणि वाटभर एकच डोक्यात होतं, बोअरवाल्यानं, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करून देणाऱ्यानं, पिस्टन टाइट ठेवला.

खरं तर तो फिट मी स्वतः मोजून घेतला होता. रबाळ्याच्या एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे, दिवसभर हातात मायक्रोमीटर आणि बोअर गेज. या इंजिनाचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिलिमीटर. आधी एकदा बोअर मारून झालेला, म्हणून या वेळी मूळ मापापेक्षा ०.५० मिलिमीटर मोठा पिस्टन. वागळे इस्टेटमधल्या त्या माणसाला पिस्टन आणि सिलिंडरमध्ये ४० मायक्रॉन (०.०४ मिलिमीटर) क्लिअरन्स, म्हणजे फट, सांगितला होता. तीन उंचींवर, दोन दिशांनी मोजला, बरोबर होता. तरी संशय त्याच्यावरच गेला, याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये हेड आणि बॅरल उतरवलं. पिस्टनवर उभे ओरखडे, पण फक्त सायलेन्सरच्या बाजूला. टाइट असता तर चारी अंगांना घासला असता. प्लग पांढराफटक. म्हणजे इंजिन तापलं होतं, पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळत होती.

मामाला फोन केला. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "अगं, रेस सोडल्यावर आवाज लगेच खाली येत होता का?"

नव्हता येत. मला ते कार्बोरेटरचं वाटलं होतं आणि मी स्क्रू फिरवून आयडल कमी करून टाकलं होतं. आजाराची खूण मीच दाबून टाकली.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवा आधी क्रँककेसमध्ये येते, तिथे दाबली जाते आणि मग वर जाते. त्यामुळे खालची पेटीसुद्धा हवाबंद लागते. क्रँकच्या, म्हणजे पिस्टननं फिरणाऱ्या दांड्याच्या, दोन्ही टोकांना ऑइल सील म्हणजे रबरी कड्या असतात. क्लचकडचं सील गेलं तर गिअरचं ऑइल आत ओढलं जातं, पांढरा धूर येतो आणि माणूस सावध होतो. मॅग्नेटकडचं, म्हणजे वीज बनवणाऱ्या चाकाच्या बाजूचं, गेलं तर नुसती हवा शिरते. धूर नाही, डाग नाही. मिश्रण पातळ होत जातं आणि पिस्टन धरतो.

आता हे तपासायचं कसं? आजीचं जुनं डायलवालं बीपीचं यंत्र कपाटात होतं. पट्टा काढला, रबरी फुगा आणि डायल ठेवली. बॅरल आणि हेड प्लगसकट तसंच परत चढवलं, सायलेन्सरचं तोंड रबरी बुचानं आणि कार्बोरेटरची बाजू जाड रबर शीटनं बंद केली, त्याच शीटमधून नळी आत घेतली. (ऑइल पंप मामानं केव्हाच काढलाय, तो पेट्रोलमध्येच टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) मिसळतो. नाहीतर तीही वाट बुजवावी लागली असती.) दाब २५०पर्यंत नेला. मिनिटाच्या आत काटा १५०च्या खाली. मॅग्नेट काढून साबणाचं पाणी लावलं आणि डाव्या सीलच्या ओठाशी, एकाच जागी, बारीक बुडबुडे यायला लागले.

सील काढून भिंगाखाली धरलं. ओठाला दीड मिलिमीटरची चीर. क्रँकच्या त्या टोकाला चावीची खाच असते, तिची कड धारदार. सील बसवलं ती रात्र मला आठवते. अकरा वाजले होते, आई दोनदा जेवायला हाक मारून गेली होती आणि मी कोरडंच सील खाचेवरून दाबून सरकवलं होतं.

नवं सील बसवताना शाफ्टच्या टोकावर दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळलं, त्यावर टू-टी ऑइल लावलं. सील अलगद आत गेलं.

बॅरल घेऊन पुन्हा वागळे इस्टेटला बोअरवाल्याकडे गेले. सगळं खरं सांगितलं, माफीही मागितली. ते काही बोलले नाहीत, बोटानं आतून ओरखडे चाचपले आणि म्हणाले, "०.७५ मारतो. मग एकच उरेल." ते ऐकताना पोटात खड्डा पडला. या गाडीचं उत्पादन १९९६ला बंद झालं. तिच्या सिलिंडरमधलं पाव मिलिमीटर लोखंड माझ्या एका रात्रीच्या घाईत गेलं, ते परत भरता येत नाही. उरलेला एक ओव्हरसाइज (मोठ्या मापाचा पिस्टन) संपला की मग लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळीच, बदलायची.

या वेळी गाडी सुरू करायच्या आधी पुन्हा बीपीचं यंत्र लावलं. २५०, आणि सहा मिनिटांनी २४०. तिसऱ्या किकला सुरू झाली. आतापर्यंत ११० किलोमीटर झालेत, ताशी चाळीसच्या वर नेली नाही, दर थोड्या वेळानं थांबवून गार होऊ देते. प्लग चहाच्या रंगाचा आहे.

रविवारी मामा कळव्याहून आला. येताना हेल्मेट घेऊनच. मी सांगितलं, ५०० किलोमीटर पूर्ण होईपर्यंत तुला मिळणार नाही. तो हसला, गाडीच्या डाव्या बाजूला उकिडवा बसला आणि कान इंजिनाजवळ नेला.

"रेस दे. आता सोड."

आवाज झटकन खाली आला आणि एका लयीत थांबला.

"अजून एकदा सोड," मामा म्हणाला.