गाणाऱ्या घशात पहिला डोकावला तो गाण्याचा मास्तर!

मध्यंतरी आवाज पार बसला म्हणून कोल्हापुरात राजारामपुरीत नाक-कान-घसावाल्या डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी नाकातून बारीक कॅमेरा आत सारला आणि म्हणाले 'ई म्हणा, ईऽऽ', आणि स्क्रीनवर बघतोय तर दोन पांढऱ्या पट्ट्या मिटतायत उघडतायत, एवढ्याशा! त्यातनं आपला एवढा दंगा चालतो व्हय.

मग घरी येऊन वाचतच बसलो. आवाज कुठनं येतो याचा शोध लई जुना आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलन नावाच्या वैद्यानं भर सभेत ओरडणाऱ्या डुकराच्या मानेतला मज्जातंतू तोडून दाखवला, डुक्कर जिवंत पण आवाज गप्प. (बिचारं डुक्कर.) नंतर १७४१ मध्ये पॅरिसच्या फेरँ नावाच्या शरीरशास्त्रज्ञानं प्रेतांच्या स्वरयंत्रात हवा फुंकून आवाज काढला आणि व्हायोलिनच्या तारांसारखं काम चालतंय म्हणून त्या पट्ट्यांना 'तारा' म्हटलं, म्हणून आजबी व्होकल कॉर्ड. पण हे सगळं मेल्यावरचं किंवा चिरफाड करून. जित्या माणसाचा गळा गाताना कसा हलतो ते बघायचं कसं?

तर ते केलं मॅन्युएल गार्सियानं, आणि हा डॉक्टर नव्हेच, गाणं शिकवायचा. १८५४ ला पॅरिसमध्ये त्यानं दातांच्या डॉक्टरचा लांब दांड्याचा छोटा आरसा विकत घेतला, तो गरम पाण्यात बुडवला (वाफ धरू नये म्हणून), पुसून पडजिभेपाशी टेकवला, दुसऱ्या हातातल्या आरशानं उन्हाची तिरीप आत सोडली आणि स्वतःचाच गळा स्वतः बघितला. ओकारी येत असणार की राव, पण गड्यानं दम धरला. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीत, म्हणजे शास्त्रज्ञांच्या संस्थेत, त्याचा निबंध वाचला गेला. मग व्हिएन्नात ट्युर्क आणि चेरमाक या दोघा डॉक्टरांनी तोच आरसा दवाखान्यात आणला आणि श्रेय कुणाचं यावरनं जोरदार भांडले.

मला विचाराल तर हे गाणाऱ्यालाच सुचणार होतं. आपल्या शाहू महाराजांच्या दरबारातल्या अल्लादिया खाँसाहेबांचंच घ्या, आवाज गेला, परत आला तो बदलून, आणि त्या आवाजाला साजेशी गायकीच त्यांनी उभी केली म्हणतात. ज्याचं पोट गळ्यावर, तोच असल्या भानगडीत पडणार. डॉक्टर मंडळी भांडत बसली, गार्सिया मात्र लंडनमध्ये गाणं शिकवत राहिला आणि १९०६ ला गेला तेव्हा वय होतं १०१.