सेन्नापेक्षा प्रोस्ट मोठा, आणि अशीच आणखी काही भांडणं

फॉर्म्युला वनमध्ये सगळ्यांत मोठा ड्रायव्हर कोण, हा विषय निघाला की पहिला आकडा फेकला जातो तो जगज्जेतेपदांचा. शूमाकर ७, हॅमिल्टन ७, फांजिओ ५. इतका निकामी आकडा दुसरा नाही. १९५० च्या पहिल्या मोसमात अमेरिकेतली इंडियानापोलिसची शर्यत धरून ७ शर्यती होत्या, २०२४ मध्ये २४. विजयांची बेरीज तर त्याहून फसवी. हॅमिल्टनचे २०२४ अखेरचे १०५ विजय आणि जिम क्लार्कचे २५ शेजारी मांडताना क्लार्क फक्त ७२ शर्यतींत उतरला होता, हे सांगायचं राहूनच जातं. बरं, टक्केवारी काढली तर फांजिओ ५१ पैकी २४ जिंकून सगळ्यांच्या पुढे जातो. पण त्या काळी तो जवळपास दरवर्षी सगळ्यांत चांगली गाडी निवडून बसायचा, त्याचं काय?

म्हणून उरतो एकच निकष, टीममेट, म्हणजे त्याच टीमची दुसरी गाडी चालवणारा. तीच गाडी, तेच इंजिन, तेच टायर. हा निकषही नीट वापरला नाही तर हवं ते सिद्ध करून देतो, तेव्हा आधी मोजायचं कसं ते पाहू.

क्वालिफाइंग म्हणजे शर्यतीच्या सुरुवातीच्या जागा ठरवणारे आदल्या दिवशीचे वेगवान लॅप. त्यातला फरक सेकंदांत मोजू नका, टक्क्यांत मोजा. बेल्जियममधल्या स्पाचा लॅप ७.००४ किलोमीटरचा, कोरड्यात साधारण १०५ सेकंदांचा. ऑस्ट्रियातल्या रेड बुल रिंगचा ६५ सेकंदांच्या आसपास. ०.३ सेकंदांचा फरक स्पावर ०.२९ टक्के होतो आणि ऑस्ट्रियात ०.४६ टक्के, म्हणजे जवळजवळ दीडपट. दुसरं, क्वालिफाइंगचे क्यू१, क्यू२, क्यू३ असे तीन टप्पे असतात आणि पहिल्या दोन टप्प्यांत हळू गाड्या बाहेर पडतात, तेव्हा दोघांनीही भाग घेतलेला शेवटचा टप्पा धरा. एक क्यू३ मध्ये गेला आणि दुसरा क्यू२ मध्येच बाहेर पडला, तर दोघांच्या क्यू२ च्या वेळा घ्या. ट्रॅकवर रबर बसत जातं आणि क्यू३ मध्ये तोच ड्रायव्हर आपोआप वेगवान दिसतो. पावसातलं, गाडी बिघडलेलं, लाल झेंड्यामुळे लॅप अर्धवट राहिलेलं क्वालिफाइंग सरळ वगळा. जे उरेल त्याची सरासरी काढू नका. फरक लहानापासून मोठ्यापर्यंत लावून मधला आकडा घ्या, नाहीतर एकाच वाईट शनिवारावरून अख्ख्या मोसमाचा निकाल लागतो.

आणखी एक खड्डा आहे तो इंधनाचा. २००३ ते २००५ मध्ये शर्यतीचं इंधन भरूनच क्वालिफाय व्हावं लागे, आणि २००६ ते २००९ मध्ये शेवटच्या टप्प्यात. १० किलो इंधन म्हणजे लॅपमागे साधारण ०.३ सेकंद. एकाची टाकी हलकी आणि दुसऱ्याची जड, तर फरक ड्रायव्हरचा की पेट्रोलचा? २००६ नंतरच्या त्या वर्षांसाठी क्यू२ च्या वेळा वापरा. त्याआधीच्या तीन वर्षांच्या वेळांना हातच लावू नका.

शर्यतींत फक्त त्या मोजायच्या ज्यांत दोन्ही गाड्या धड स्थितीत शेवटपर्यंत पोहोचल्या. गुण सर्वांत शेवटी पाहायचे, कारण गुणांमुळे फरक फुगतो. २०२४ मध्ये रेड बुलच्या व्हर्स्टॅपेनचे ४३७, त्याचा टीममेट पेरेझचे १५२. हे बघून पेरेझला गाडीच चालवता येत नाही असं म्हणणाऱ्यांनी त्या वर्षीची गर्दी लक्षात घ्यावी. २० गाड्या दीड टक्क्याच्या आत असल्या की ०.४ टक्के हळू असणं म्हणजे सहा-सात जागा खाली जाणं. तोच ०.४ टक्के १९८८ च्या मॅकलॅरनमध्ये असता तर दुसरा क्रमांक पक्का होता.

१९८८ निघालंच आहे, तर मुख्य भांडणाकडे येऊ. प्रोस्ट आणि सेन्ना १९८८ आणि १९८९ अशी दोन वर्षं मॅकलॅरनमध्ये एकत्र होते, ३२ शर्यती. पोल पोझिशन, म्हणजे क्वालिफाइंगमधला पहिला क्रमांक, सेन्नाच्या २६, प्रोस्टच्या ४. इथेच बहुतेक जण वही मिटतात. १९८८ च्या मोनॅकोत तर सेन्ना प्रोस्टपेक्षा १.४२७ सेकंदांनी वेगवान होता. एका भावी जगज्जेत्याने जगज्जेत्या टीममेटला, तेही त्याच गाडीत, १.७ टक्क्यांनी मागे टाकावं, याला तोड नाही. एका लॅपवर सेन्नाच्या जवळपास येणारा माणूस त्या काळात नव्हता, यात मलाही शंका नाही. फक्त त्या रविवारी ७८ पैकी ६७ व्या लॅपला, भरभक्कम आघाडीवर असताना, तो पोर्तिएच्या वळणावर कठड्याला धडकला आणि शर्यत प्रोस्टने जिंकली.

आता त्या मोसमाचा हिशेब. गुण ९-६-४-३-२-१ असे होते आणि १६ पैकी सर्वोत्तम ११ निकालच धरले जायचे. प्रोस्ट ७ वेळा पहिला, ७ वेळा दुसरा. म्हणजे ६३ अधिक ४२, एकूण १०५. सेन्नाचे ८ विजय, ३ दुसरे क्रमांक, एक चौथा, एक सहावा, एकूण ९४. सर्वोत्तम ११ च्या नियमाने प्रोस्टचे तीन दुसरे क्रमांक, म्हणजे १८ गुण, कचऱ्यात गेले. सेन्ना ९०, प्रोस्ट ८७. आजच्या २५-१८-१५ च्या पद्धतीने प्रोस्टचे ३०१ होतात आणि मोन्झाचा दहावा क्रमांक धरूनही सेन्नाचे २७५.

यावर ठरलेलं उत्तर येतं की नियम दोघांनाही आधीपासून माहीत होता आणि सेन्ना त्या नियमासाठी खेळला. बरोबर आहे, जगज्जेतेपद त्याचंच आणि हक्काचं. पण मोठं कोण हे ठरवताना कुठले पाच निकाल फेकून द्यायचे हे नियमावलीला का विचारायचं? ज्याने १६ पैकी १४ शर्यती पहिल्या दोनात संपवल्या, त्याच्या दोन न संपलेल्या शर्यतींपैकी एक इंजिनामुळे गेली.

प्रोस्ट शनिवारी हळू आणि रविवारी बरोबरीचा, हे कसं? त्या काळी शर्यतीत इंधन भरायला बंदी होती. १९८८ मध्ये टर्बो गाड्यांना १५० लिटरची मर्यादा होती, बूस्ट, म्हणजे इंजिनात कोंबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, २.५ बारवर अडवलेला होता. सुरुवातीला गाडी जड, शेवटी हलकी, आणि मधे सतत इंधनाच्या आकड्याशी घासाघीस. प्रोस्ट सेटअप करायचा तो भरल्या टाकीसाठी. जड गाडीत मागचे टायर जळणार नाहीत, अंडरस्टिअर (वळणात गाडी हवी तेवढी न वळणं) सुरुवातीला थोडा जास्त चालेल पण टाकी रिकामी होत जाईल तशी गाडी हातात येईल, अशा बेताने. रिकाम्या टाकीच्या एका लॅपला ती गाडी मठ्ठ वाटणारच. १९८६ चं जगज्जेतेपद त्याने असंच काढलं. विल्यम्स-होंडा उघडपणे वेगवान होती, पण तिचे दोन ड्रायव्हर मॅन्सेल आणि पिके एकमेकांचे गुण खात राहिले, आणि अ‍ॅडलेडला मॅन्सेलचा टायर फुटल्यावर प्रोस्ट ७२ विरुद्ध ७० ने वर आला.

त्याचे टीममेट पाहा. लाउडा, केके रॉसबर्ग, सेन्ना, मॅन्सेल, डेमन हिल. पाचही कधी ना कधी जगज्जेते. मिळवलेले सगळे गुण धरले तर यांतल्या एकानेच त्याला एका मोसमात मागे टाकलं, १९८४ मध्ये लाउडाने, ७२ विरुद्ध ७१.५. तो अर्धा गुणही मोनॅकोचा. पावसामुळे शर्यत अर्ध्याआधी थांबवली आणि प्रोस्टला विजयाचे ९ ऐवजी ४.५ मिळाले. पूर्ण अंतर होऊन तो दुसरा आला असता तरी ६ मिळून तो ७३ वर गेला असता. शर्यत थांबवा म्हणून हातवारे करणाऱ्यांत तो स्वतःच पुढे होता, ही गंमत वेगळी. आणि मागून टोलमन टीमच्या गाडीत चाल करून येणारा होता सेन्नाच.

प्रोस्टच्या खात्यात वजा काय? पाऊस. १९८८ ला सिल्व्हरस्टोनमध्ये तो गाडी आत घेऊन थांबला, १९८९ ला अ‍ॅडलेडमध्ये एका लॅपनंतर. सेन्ना ओल्यात वेगळ्याच ग्रहावर असायचा. शिवाय १९८९ चं जगज्जेतेपद प्रोस्टच्या बाजूने पुरावा म्हणून वापरू नये. त्या वर्षी सेन्नाच्या ६ विजयांपुढे प्रोस्टचे ४ होते, आणि फीनिक्स, माँट्रियल, मोन्झा अशा ठिकाणी सेन्नाची गाडी बंद पडली. हे सगळं वजा करूनही अख्खा मोसम ज्याच्या हातात द्यावा असा माणूस प्रोस्टच.

आता टीममेटची साखळी. हॅमिल्टनने निको रॉसबर्गला (केकेचा मुलगा) हरवलं, रॉसबर्गने शूमाकरला तिन्ही वर्षं हरवलं (२०१० मध्ये १४२-७२, मग ८९-७६, मग ९३-४९), म्हणून हॅमिल्टन शूमाकरपेक्षा मोठा. ही साखळी दुसऱ्याच कडीला तुटते. शूमाकर ४१ वर्षांचा होता, तीन वर्षं बाहेर होता, आणि परत आला तेव्हा खासगी टेस्टिंग बंद झालं होतं. ज्याची अर्धी ताकद फेरारीच्या स्वतःच्या फिओरानो ट्रॅकवर हजारो लॅप मारून गाडी स्वतःसारखी करून घेण्यात होती, त्याच्यासाठी हे मोठं नुकसान. तरी २०१२ मध्ये मोनॅकोच्या क्वालिफाइंगमध्ये तो सर्वांत वेगवान होता. ४९ गुणांत गाडीचे बिघाड किती होते हे न बघता तो आकडा वापरू नये.

अशीच दुसरी कडी, बटनने मॅकलॅरनमध्ये तीन वर्षांत ६७२ गुण मिळवले, हॅमिल्टनने ६५७. आकडे खरे, निष्कर्ष खोटा. विजय हॅमिल्टनचे १०, बटनचे ८. २०१२ मध्ये सिंगापूर आणि अबू धाबीला हॅमिल्टन आघाडीवर असताना गाडी बंद पडली. २०११ मात्र त्याचं स्वतःचं पाप. तो मोसम मासाला धडका देण्यात गेला, आणि तिथे बटन निर्विवाद सरस होता.

शूमाकरबद्दल माझं न पटणारं मत असं की त्याचं २००४ सर्वांत मोठं नव्हे, १९९६ मोठं. २००४ मध्ये १८ पैकी १३ विजय, पण ब्रिजस्टोन टायर जवळपास फेरारीसाठीच बनत होते, टेस्टिंगला मर्यादा नव्हती, आणि दोन नंबरच्या गाडीने काय करायचं हे २००२ च्या ऑस्ट्रियात, टीमच्या हुकमावरून बारिकेलोने शूमाकरला विजय सोडला तेव्हा, जगाने पाहिलं होतं. १९९६ ची फेरारी मात्र धड नव्हती. फ्रान्समध्ये पोलवरून निघून शर्यत सुरू होण्याआधीच्या फॉर्मेशन लॅपलाच इंजिन गेलं. त्या गाडीत ३ विजय, त्यांत बार्सिलोनाचा पावसातला, आणि टीममेट अर्वाइनशी हिशेब ५९-११. त्याच्या मुद्दाम दिलेल्या धडका आणि अडवणुकीचे गुण मी कापतो, पण नीतीसाठी नव्हे. १९९४ ला अ‍ॅडलेडमध्ये तो आधी स्वतः भिंतीला लागला होता. १९९७ ला हेरेसमध्ये जाक व्हिल्नव्ह आत घुसून पुढे निघाला होता. २००६ ला मोनॅकोच्या क्वालिफाइंगमध्ये अलोन्सो मागून वेगवान लॅपवर होता, तेव्हा त्याने गाडी ट्रॅकवरच उभी केली. तिन्ही वेळा दडपणाखाली डोकं गेलं, आणि दडपणाखाली डोकं ठेवणं हा ड्रायव्हिंगचाच भाग आहे.

व्हेटेल भारतीयांचा लाडका, आणि ते साहजिक आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर तीनच ग्रां प्री झाल्या, तिन्ही त्याने पोलवरून जिंकल्या, पहिल्या वेळी चौकड्यांचा झेंडा सचिन तेंडुलकरने दाखवला. पण चार जगज्जेतेपदं असूनही मी त्याला दोनवाल्या अलोन्सोच्या खाली ठेवतो. रेड बुलच्या त्या गाड्यांत एक्झॉस्टचा वायू डिफ्यूजरच्या (गाडीच्या मागच्या तळाशी हवा बाहेर काढणारा भाग) कडेला सोडून मागची पकड वाढवलेली असे. वळणात गाडी झटकन वळवायची आणि मागचं टोक सुटेलसं वाटतं तेव्हाच अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा, की वायू वाढून पकड येते. अंगभूत सवयीच्या उलट हे तंत्र व्हेटेलने आत्मसात केलं, टीममेट वेबरला जमलं नाही. २०१३ मध्ये ३९७ विरुद्ध १९९. २०१४ मध्ये एक्झॉस्ट मधोमध एकाच नळीने बाहेर काढायचा नियम आला, आणि टीममध्ये नव्या आलेल्या रिकियार्डोने त्याला २३८-१६७ ने मागे टाकलं. रिकियार्डोचे ३ विजय, व्हेटेलचा शून्य. उलट अलोन्सो २००७, २०१० आणि २०१२ ही तीन जगज्जेतेपदं मिळून ८ गुणांनी हुकला, त्यातही २०१२ ची फेरारी सुरुवातीला क्यू३ लाही झगडत होती.

फांजिओ आणि क्लार्कपाशी आपला निकष अडखळतो. त्या काळी शर्यतीच्या मधेच टीममेटची गाडी घेता यायची, आणि फांजिओच्या २४ विजयांपैकी दोन अशा वाटून घेतलेल्या गाडीतले आहेत, १९५१ मध्ये फाजोलीबरोबर आणि १९५६ मध्ये मुस्सोबरोबर. १९५६ चं जगज्जेतेपद तर मोन्झात टीममेट कॉलिन्सने स्वतःची गाडी दिली म्हणून. तरी १९५५ मध्ये त्याच मर्सिडीजमध्ये मॉस होता आणि हिशेब ४०-२३ असा लागला. दोन वर्षांनी, ४६ व्या वर्षी, न्युर्बुर्गरिंगवर त्याने शर्यतीत स्वतःच्या पोलच्या वेळेपेक्षा ८ सेकंद वेगवान लॅप काढला.

क्लार्कचे टीममेट बहुतेक काळ टेलर, अरंडेल, स्पेन्स असे, आणि लोटस दुसऱ्या गाडीकडे फारसं बघायची नाही. भक्कम तुलना मिळते ती १९६७ मध्ये, जगज्जेता ग्रॅहम हिल शेजारी आल्यावर: ४१-१५, विजय ४-०. हिलची गाडी जास्त वेळा बंद पडली, ते वजा करा, तरी फरक उरतो. १९६२ आणि १९६४ ची जगज्जेतेपदं आघाडीवर असताना शेवटच्या शर्यतीत तेलगळतीने गेली. १९६५ मध्ये इंडियानापोलिससाठी त्याने मोनॅको सोडलं, ती ५०० मैलांची शर्यत जिंकली, आणि फॉर्म्युला वनमध्ये उतरलेल्या पहिल्या सहाही शर्यती जिंकल्या. सर्वोत्तम सहाच धरायचे असल्याने ५४ पैकी ५४. माझ्या यादीत क्लार्क पहिला, प्रोस्ट दुसरा.

जिल व्हिल्नव्ह? पहिल्या दहात नाही. १९८१ मध्ये त्या गचाळ चॅसिसच्या टर्बो फेरारीत मोनॅको आणि स्पेनमधलं हारामा जिंकणं, हारामात मागच्या चौघांना सव्वा सेकंदाच्या आत अडवून धरणं, हे अफाट होतं. पण १९७९ मध्ये धड गाडी हातात असताना टीममेट शेक्टरने त्याला ५१-४७ ने हरवलं, आणि शेक्टरचं नाव अशा याद्यांत कुणी घेतही नाही.