पाचशे सह्या

सांगलीत आमचं घर बांधायला काढलं तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते. सिमेंटच्या परवान्यासाठी बाबांनी कचेरीत घातलेल्या खेपा आई अजून मोजून सांगते. स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या जागेवर भिंत उभी करायला साहेबाची सही लागते, हे तेव्हा मनात बसलं ते बसलंच. टेक्ससमध्ये येऊन मी रिपब्लिकन झाले, त्याचं मूळ तिथे आहे.

मत देता यायला मात्र बरीच वर्षं गेली. एच-वन-बी व्हिसावर असताना उमेदवाराला एक डॉलरही देता येत नाही, कायद्यानं बंदी आहे. ग्रीन कार्ड आलं की देणगी चालते, मत नाही. नागरिकत्वाची शपथ झाली त्याच आठवड्यात नोंदणीचा कागद काउंटीला पाठवला.

सुरुवातीला मी फक्त नोव्हेंबरात मत द्यायचे. मग लक्षात आलं, डॅलसच्या उत्तरेकडच्या आमच्या मतदारसंघात रिपब्लिकनच निवडून येतो, त्यामुळे नोव्हेंबरात ठरण्यासारखं फारसं उरलेलंच नसतं. खरा निकाल मार्चच्या पहिल्या मंगळवारी, प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत लागतो. आपल्याकडे एबी फॉर्म कुणाच्या हातात पडायचा हे पक्षाचे नेते ठरवतात आणि इच्छुक बाहेर ताटकळतात. इथे पक्षाचा उमेदवार मतदारच निवडतात. टेक्ससमध्ये नोंदणी करताना पक्ष सांगावा लागत नाही. प्रायमरीला केंद्रावर जाऊन रिपब्लिकन मतपत्रिका मागायची, एवढंच. एवढी मोठी गोष्ट हातात असताना मी इतकी वर्षं मार्चमध्ये घरी बसले होते, याचं मला फार वाईट वाटलं.

आमचा उमेदवार मला भेटला तो गारपिटीनंतर छप्पर दुरुस्त करायला आला म्हणून. वय २९, स्वतःचा छोटा धंदा, दोन लहान मुलं. टेक्ससच्या प्रतिनिधिगृहासाठी उभा राहतोय म्हणाला. वयाची अट २१ आहे, त्यामुळे अडचण वयाची नाही, पोटाची आहे. आमदाराला इथे महिन्याला ६०० डॉलर पगार मिळतो आणि दर दोन वर्षांनी १४० दिवसांचं अधिवेशन असतं. ऑस्टिनला जाऊन राहायचं म्हणजे तेवढे दिवस धंदा दुसऱ्याच्या भरवशावर. म्हणून निवृत्त आणि पैसेवाली मंडळीच जास्त उभी राहतात. पुराणमतवादी विचारांची तरुण माणसं सभागृहात हवी असतील तर त्यांना आपण उचलून धरलं पाहिजे, नुसतं बरं म्हणून भागत नाही. घरपट्टीबद्दल तो जे बोलला, ते मला नेमकं पटलं: कर्ज फिटलं तरी घर पुरतं आपलं होत नाही.

अर्जासोबत ७५० डॉलर भरायचे किंवा मतदारसंघातल्या ५०० मतदारांच्या सह्या आणायच्या. मुदत डिसेंबरच्या दुसऱ्या सोमवारी संपते. पैसे भरणं सोपं होतं. पण तो म्हणाला, सह्याच आणू, त्या निमित्तानं लोक भेटतील. मी माझ्या भागाची जबाबदारी घेतली.

हे काम वाटतं तेवढं साधं नाही. प्रत्येकाला कागदावरचा मजकूर वाचून दाखवावा लागतो, सही आपल्या डोळ्यांदेखत व्हावी लागते, पत्ता आणि जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक लिहून घ्यावा लागतो. शेवटी सह्या गोळा करणाऱ्यानं नोटरीसमोर शपथ घ्यायची. मजकुरात एक वाक्य असं आहे की सही केली की त्या वर्षी दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीत मत देता येत नाही. ते वाचलं की आपली माणसं दचकतात.

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींनी पेन खाली ठेवलं. “अगं, म्हणजे मी कायमची रिपब्लिकन?”

“नाही वहिनी, या वर्षापुरतंच. नोव्हेंबरात तुम्ही हवं त्याला मत द्या.”

मग चहा झाला, श्री ठाणेदारांचा विषय निघाला. बेळगावचा मुलगा अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये पोचला याचा अभिमान मलाही आहे, ते डेमोक्रॅट असले तरी. वहिनींनी अर्ध्या तासानं सही केली.

पहिल्याच आठवड्यात माझ्या ४१ सह्या बाद झाल्या. चूक पूर्णपणे माझी. मतदारसंघाची हद्द आमच्या मोठ्या रस्त्याच्या मधून जाते आणि मी पलीकडची घरंही केली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून मतदार यादी हातात घेऊनच बाहेर पडले. मुदतीच्या चार दिवस आधी ५०० चा आकडा ओलांडला.

जानेवारी-फेब्रुवारी दारं वाजवण्यात गेले. अर्ली वोटिंगच्या, म्हणजे मुख्य दिवसाआधीच्या मतदानाच्या दिवसांत केंद्राच्या दारापासून १०० फुटांवरच्या खुणेबाहेर फलक धरून उभे राहिलो. उत्तरेकडचं वारं अंगात शिरायचं, बोटं बधिर व्हायची. त्याची बायको थर्मासातून कॉफी आणायची.

मार्चमध्ये तिघांपैकी कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, म्हणून मे महिन्यात पहिल्या दोघांत रनऑफ. मार्चमध्ये मत न दिलेल्यालाही रनऑफमध्ये देता येतं, हे घरोघर सांगत फिरलो. तरी मतदान रोडावलंच आणि आम्ही हरलो. निकालाच्या रात्री त्यानं एकेकाचे आभार मानले. मला रडू आवरेना.

१९६४ साली राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर प्रचंड फरकानं हरले. उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनात त्यांच्या बाजूनं आलेला सर्वांत तरुण निर्वाचित प्रतिनिधी मॉर्टन ब्लॅकवेल पुढे १९७९ साली लीडरशिप इन्स्टिट्यूट काढून तरुण कॉन्झर्व्हेटिव्ह कार्यकर्ते घडवू लागला. गोल्डवॉटर यांच्यासाठी प्रचार करणारे रोनाल्ड रेगन दोनच वर्षांत कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. हे मी आमच्या उमेदवाराला पत्रात लिहून पाठवलं.

आमच्या भागाची प्रिसिंक्ट चेअरची जागा रिकामी होती, ती मी घेतली. पक्षाचं हे सगळ्यात खालचं पद, बिनपगारी. पण आपल्या गल्लीत कोण नवं आलं, कोणाची नोंदणी राहिली, हे बघणारं कुणीतरी हवं. तो पुन्हा उभा राहतोय. मतदारसंघाचा नकाशा मी फ्रिजवर लावलाय, आमच्या मोठ्या रस्त्यावर मधोमध लाल रेघ ओढून.