आंद्रे फ्रांकँ : ग्राफच्या कागदावर न मावणारी रेघ

जानेवारीचा पहिला आठवडा सोलापुरात नंदीध्वजांच्या सरावाचा आणि गड्डा यात्रेच्या तयारीचा असतो. माझ्या टेबलावर मात्र याच दिवसांत आंद्रे फ्रांकँची पुस्तके निघतात, कारण या बेल्जियन चित्रकथाकाराचा जन्म ३ जानेवारी १९२४चा आणि मृत्यू ५ जानेवारी १९९७चा. बेल्जियमची चित्रकथा म्हटली की आपल्याकडे टिनटिन आणि त्याचा कर्ता हर्जे यांच्यापलीकडे सहसा कुणी जात नाही. खुद्द हर्जेने मात्र फ्रांकँच्या शेजारी आपण सामान्य रेखाटनकार ठरतो, अशा आशयाची कबुली दिली होती आणि ती केवळ विनयापोटी दिली असावी असे मला वाटत नाही.

मी चादरींच्या आणि टॉवेलांच्या नक्षीचे काम करतो. जेकार्ड मागावर चढणारी नक्षी ग्राफच्या चौकोनांत मोजून भरावी लागते. मोराची मान कितीही डौलदार काढली, तरी कापडावर ती पायऱ्यापायऱ्यांनीच उतरते. त्यामुळे हर्जेची एकसारख्या जाडीची बंदिस्त रेघ आणि त्याचे सपाट रंग मला चटकन उमगतात. थोड्या खटपटीने ते मागावर चढवताही येतील. फ्रांकँच्या रेघेचे तसे नाही. ती कुठे जाड होते, कुठे तुटते, कुठे नुसती थरथरते, आणि तिने काढलेला टेलिफोनसुद्धा आताच कुणीतरी आपटून ठेवल्यासारखा दिसतो.

फ्रांकँ जन्मला ब्रसेल्समधल्या एटरबेक भागात. हर्जेही तिथलाच, हा निव्वळ योगायोग. सँ-ल्यूक या कलाशाळेत थोडा काळ काढून तो १९४४ मध्ये एका छोट्या ॲनिमेशन स्टुडिओत लागला आणि तिथे त्याला मॉरिस व पेयो भेटले. पुढे मॉरिसने लकी ल्यूक निर्माण केला, तर पेयोने स्मर्फ. युद्ध संपताच स्टुडिओ बुडाला आणि फ्रांकँ मार्सिनेल इथल्या द्युपुई या प्रकाशकांच्या ‘स्पिरू’ या चित्रकथांच्या साप्ताहिकाकडे वळला. तिथला ज्येष्ठ चित्रकार जिजे याने या तरुणांना वॉटर्लूच्या आपल्या घरी जागा दिली, हाताला वळण लावले आणि १९४८ मध्ये फ्रांकँ व मॉरिस यांना आपल्या कुटुंबाबरोबर अमेरिका-मेक्सिकोच्या प्रवासालाही नेले.

साप्ताहिकाला ज्याचे नाव होते ते स्पिरू हे पात्र फ्रांकँचे नव्हते. लाल गणवेशातला हा हॉटेलचा पोऱ्या रॉब-व्हेल याने १९३८ मध्ये निर्माण केला होता, आणि १९४६ मध्ये जिजेने तो फ्रांकँच्या हाती सोपवला तेव्हा एक कथा अर्ध्यावर चालू होती. दुसऱ्याचा नायक बदलता येत नाही म्हणून की काय, फ्रांकँने त्याच्या भोवतालचे जग गजबजून टाकले. शाँपिन्याक गावचा अळंबीवेडा सरदार आला, स्पिरूचा मित्र फांताझिओ याला पुरून उरणारी सेकोतिन ही पत्रकार आली, झोर्ग्लूब हा पोकळ बढाईखोर शास्त्रज्ञ आला. त्या सगळ्यांवर कडी केली ती १९५२ मध्ये अवतरलेल्या मार्सुपिलामीने. पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेल्या या प्राण्याच्या प्रचंड लांब शेपटीची कल्पना ट्राममधल्या कंडक्टरची तारांबळ पाहून सुचली, असे सांगतात. तिकीट, मोड, घंटा, दांडी हे सगळे एकाच वेळी सांभाळायचे तर माणसाला शेपूट हवीच! १९५६च्या सुमारास आलेल्या मार्सुपिलामीच्या घरट्याच्या कथेत तर फ्रांकँने स्पिरू आणि फांताझिओ यांना चक्क प्रेक्षकांत बसवले आहे. सेकोतिन पडद्यावर आपला माहितीपट दाखवते आणि आपण पानामागून पान एका प्राण्याचा संसार पाहत राहतो. फ्रांकँ पहिल्यांदाच वाचणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

१९५५ मध्ये मानधनावरून प्रकाशकाशी खटका उडाला, तेव्हा फ्रांकँने प्रतिस्पर्धी ‘टिनटिन’ साप्ताहिकाशी पाच वर्षांचा करार केला. भांडण थोड्याच दिवसांत मिटले, पण करार तसाच राहिला, आणि हा गृहस्थ दोन साप्ताहिकांच्या जात्यात सापडला. एकीकडे स्पिरू, दुसरीकडे दर आठवड्याला ‘मोदेस्त आणि पोंपों’. १९५९ मध्ये त्यातून सुटका झाली, परंतु मधल्या काळात आणखी एक ओझे त्याने आपणहून ओढवून घेतले होते.

ते ओझे म्हणजे गास्तों लागाफ. २८ फेब्रुवारी १९५७च्या अंकात एक पोरगा ‘स्पिरू’च्या कचेरीच्या दारात येऊन उभा राहिला. त्याला कुणी पाठवले आणि कशासाठी, हे त्याचे त्यालाच ठाऊक नव्हते. संपादक इव्हाँ देलपोर्त आणि फ्रांकँ यांची ही कल्पना: ज्याला कसलेच काम करता येत नाही असा नायक. त्याच्याकडची वाचकांची पत्रे तुंबलेली, फायलींच्या ढिगात त्याने झोपण्यासाठी गुहा केलेली, सोबतीला एक मांजर आणि एक चिडखोर सीगल. आणि देमेसमाकर नावाचे बडे व्यापारी करारावर सही करायला येतात तेव्हा हटकून काहीतरी फुटते, पेटते किंवा उडते. तो करार कधी होतच नाही. अगदी जवळून पाहावी अशी गोष्ट म्हणजे पानाच्या तळाशी असलेली फ्रांकँची सही. पुढच्या वर्षांत ती त्या त्या पानातल्या प्रसंगाप्रमाणे बदलते. वर आग लागली की सहीही जळते, वर पूर आला की ती भिजते. आठवड्याच्या मुदतीखाली दबलेला माणूस सहीसारख्या कुणी न मागितलेल्या गोष्टीवर एवढी मेहनत घेतो, तिथे मला तो पुरता दिसतो.

शरीराने अखेर हिशेब मागितलाच. १९६१ मध्ये कावीळ आणि नैराश्य यांनी तो खचला, स्पिरूची चालू कथा मध्येच थांबली आणि पुन्हा सुरू व्हायला १९६३ उजाडले. त्या काळातही गास्तोंची पाने मात्र अधूनमधून येत राहिली. स्वतःला क्षणाचा विसावा न देणाऱ्या चित्रकाराला एका झोपाळू पोराचाच आधार होता, असा अर्थ मी त्यातून काढतो. १९६८च्या सुमारास त्याने स्पिरू सोडला, मार्सुपिलामीचे हक्क स्वतःकडे ठेवले आणि गास्तोंबरोबर राहिला. माझ्या मते त्याची सर्वोत्तम चित्रे या निर्णयानंतरची आहेत. १९७४ मध्ये फ्रान्समधल्या आंगुलेमच्या चित्रकथा महोत्सवाचा पहिला सर्वोच्च सन्मान त्यालाच मिळाला.

१९७७ मध्ये त्याने ‘काळे विचार’ म्हणावीत अशी पाने सुरू केली. त्यांत रंग नाहीच. काळ्या शाईच्या आकृत्या, आणि शस्त्रांचा व्यापार, शिकार, अणुबॉम्ब, प्रदूषण हे विषय. एका पानात कायदा सांगतो की, जो जाणूनबुजून दुसऱ्याचा जीव घेईल त्याचा शिरच्छेद होईल. जल्लाद खुन्याचे मुंडके उडवतो. मग कायद्याप्रमाणे त्या जल्लादाचेही उडते, मग त्याचे उडवणाऱ्याचेही, आणि रांग पुढे सरकत राहते. अनेकांना हा फ्रांकँ वेगळाच माणूस वाटतो. मला तसे वाटत नाही, कारण गास्तोंच्या स्फोटांतही हीच शाई होती. फक्त तिथे शेवटी कुणी मरत नव्हते.

आपल्यानंतर गास्तों दुसऱ्या कुणी काढू नये, अशी त्याची इच्छा होती. प्रकाशकांनी मात्र देलाफ या कॅनडातल्या चित्रकाराकडून नवा खंड करून घेतला. फ्रांकँच्या कन्येने हरकत घेतली, प्रकरण लवादापुढे गेले, निर्णय प्रकाशकांच्या बाजूने लागला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये खंड बाजारात आला. कागदोपत्री हक्क प्रकाशकांचा असेल, त्याबद्दल मी वाद घालणार नाही. मी तो खंड विकत घेतलेला नाही आणि घेण्याचा विचारही नाही.