स्वस्त डर्ट बाइकवर नऊ दिवस कच्चा रस्ता: काय टिकलं, काय सुटलं

दोन गाड्या. दोन्ही एका सिलिंडरच्या, हवेवर थंड होणाऱ्या, कार्ब्युरेटरवाल्या, २५० सीसीच्या आतल्या. पुढे २१ इंची चाक, मागे १८ इंची. नऊ दिवसांत सुमारे १,५०० किलोमीटर, त्यात डांबर जेमतेम चौथा हिस्सा. बाकी खडी, मुरूम, वाळू, दगडांचे चढ आणि ओढे. दोन्ही गाड्या आपल्या चाकांवर परत आल्या. वाटेत जे बिघडलं ते बहुतेक तिथेच, जिथे तयारीत कंटाळा केला होता.

स्वस्त गाडीचं इंजिन सहसा दगा देत नाही. त्याची रचना जुनी, साधी आणि मुरलेली असते. दगा देतात जोडण्या: बोल्ट, आरे, बेअरिंग, वायरींचे सॉकेट. किंमत खाली आणताना कारखान्यात ग्रीस आणि जुळणीचा वेळ यांनाच कात्री लागते. म्हणून पैसे असतील तर आधी ग्रीसचा डबा घ्या, दिवे आणि स्टिकर नंतर.

स्टिअरिंगचे बेअरिंग, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्होट म्हणजे बिजागरी, मागच्या शॉकची लिंकेज (जोडदांड्या) आणि दोन्ही चाकांचे अ‍ॅक्सल हे सगळं उघडून पुसायचं आणि पाण्यात टिकणारं ग्रीस भरून परत बसवायचं. नव्या गाडीतही पिव्होटची नळी जवळपास कोरडी सापडते. ती तशीच राहिली तर गंजून आत धरते आणि पुढे हातोडीनेही निघत नाही. या कामाला एक पूर्ण दिवस जातो. जाऊ द्या.

बोल्टना मध्यम ताकदीचं, म्हणजे निळं, थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा. आधी थ्रेडवरचं तेल पेट्रोलने किंवा ब्रेक क्लीनरने साफ करा, नाहीतर ते धरणारच नाही. मागच्या स्प्रॉकेटचे, डिस्कचे, फूटपेगच्या ब्रॅकेटचे, कॅरिअरचे आणि सायलेन्सरच्या क्लॅम्पचे बोल्ट आधी घ्या. तेलाच्या ड्रेन बोल्टला, अ‍ॅक्सलला आणि आऱ्यांच्या निपलला (टोकाच्या छोट्या नटला) ते लावायचं नाही. प्लॅस्टिकजवळही जपून, काही प्लॅस्टिक त्याने तडकतं. लाल रंगाचं घरीच ठेवा, ते तापवल्याशिवाय सुटत नाही. घट्ट केलेल्या प्रत्येक बोल्टवर मार्करने एक रेघ ओढली की रोज संध्याकाळी पाना न लावताही कुठला फिरला ते दिसतं.

इंजिनच्या व्हॉल्व्हचा गॅप निघण्याआधी, इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला (हवा दाबून सर्वांत वर येतो तिथे) आणून मोजा. आकडा गाडीच्या पुस्तिकेतलाच धरा. टिकटिक वाजणारा व्हॉल्व्ह थोडा सैल असतो, त्याने फारसं बिघडत नाही. घट्ट झालेला मात्र आवाज करत नाही आणि एक्झॉस्टचा असेल तर जळतो. अगदी चिडीचूप गाडीवर म्हणूनच फार खूश होऊ नये.

पहिले दोन दिवस खडीचे होते. दुसऱ्या संध्याकाळी एका गाडीच्या मागच्या चाकाचे चार आरे सैल सापडले. नवे आरे पहिल्या काहीशे किलोमीटरांत बसतात आणि ढिले पडतात, त्यात नवल नाही; दुर्लक्ष केलं तर मात्र एक तुटतो आणि त्याचा भार शेजारच्यांवर जातो. पान्याने एकेक आरा वाजवून पाहा. ताणलेला टणकन वाजतो, सैल बद्द. एका वेळी निपल पाव फेराच फिरवा आणि दर वेळी चाक फिरवून रिम डोलते का ते बघा.

खडीवर दुसरा शत्रू धूळ. फोमचा एअर फिल्टर कोरडा चालवला तर बारीक माती सरळ पिस्टन रिंगपर्यंत जाते. फिल्टरला त्याचंच तेल चोळून जास्तीचं दाबून काढा (पिळू नका, फोमचे सांधे फाटतात) आणि बसण्याच्या कडेला ग्रीसची रेघ द्या. तेल लावलेला एक फिल्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत जास्तीचा ठेवला की तंबूत धुलाई करावी लागत नाही. धुळीत दुसरी गाडी निदान दोनशे मीटर मागे ठेवायची, हा सगळ्यात फुकटचा फिल्टर.

वाळूसाठी टायरची हवा १२ पीएसआयपर्यंत उतरवली, दगडांसाठी १६ ते १८, डांबरावर पंचविशीपर्यंत. कमी हवेत टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढतो आणि तिच्या व्हॉल्व्हचा देठ मुळापासून फाटतो. मागच्या चाकाला रिम लॉक (टायर रिमवर दाबून धरणारी पकड) हवाच. शिवाय व्हॉल्व्हचा नट रिमला टेकवू नका, वर टोपीपाशी नेऊन ठेवा. देठ तिरका दिसला की टायर सरकतोय हे वेळीच कळतं.

पेट्रोलचा हिशेब वाळूने मोडला. मुरुमावर लिटरला ३० किलोमीटर देणारी गाडी तिथे २० च्या आसपास आली. टाकी ९ लिटरची असेल तर कागदावरचे २७० किलोमीटर विसरा, १८० धरा आणि त्यातलाही चौथा हिस्सा राखीव समजा. कमी वेगाच्या रस्त्यासाठी पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान करणं सर्वांत स्वस्त: १३/४५ (पुढचे/मागचे दात) चं १२/४५ केलं तर मागे चार दात वाढवल्याइतका फरक पडतो. क्लच कमी जळतो, डांबरावर इंजिन थोडं ओरडतं, इतकंच.

दगडांच्या टप्प्यात गाड्या पडल्या, पडणारच होत्या. क्लच आणि ब्रेकचे पर्च (लिव्हर धरणाऱ्या पकडी) हँडलवर टेफ्लॉन टेपचे दोन वेढे देऊन थोडे सैल बसवले होते, त्यामुळे लिव्हर मोडले नाहीत, फिरले. इंजिनखाली ४ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमची प्लेट असावी, पण चिखल बाहेर पडायला भोकं ठेवा. जास्तीची क्लच केबल पिशवीत न ठेवता जुन्या केबलशेजारीच ओवून, टोकं टेपने बांधून ठेवली तर बदलायला दहा मिनिटं लागतात.

मोठा त्रास सामानाने दिला. एका गाडीच्या सबफ्रेमला (सीट आणि कॅरिअर पेलणाऱ्या मागच्या सांगाड्याला) वरच्या वेल्डिंगपाशी बारीक तडा गेला. कारण सरळ होतं: तंबू आणि पाणी कॅरिअरच्या अगदी शेपटाकडे बांधलं होतं. जड वस्तू सीटला चिकटून आणि शक्य तितक्या खाली हव्यात, एकूण वजन १५ किलोच्या आत. धातूच्या पेट्या नकोतच. मऊ बॅगा घ्या आणि सायलेन्सरच्या बाजूला पत्र्याचा आडोसा द्या, नाहीतर बॅग वितळते.

ओढ्यात गाडी मध्येच बंद पडते, याचं कारण अनेकदा कार्ब्युरेटरच्या खाली लोंबणाऱ्या व्हेंट नळ्या. त्या बुडाल्या की कार्बला हवा मिळत नाही. टी-जोड लावून एक फाटा टाकीखाली वर न्या. इंजिनने पाणी ओढलं अशी शंका जरी आली तरी स्टार्टर दाबायचा नाही. सिलिंडरमधलं पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, किक मारून पाणी बाहेर फेका, तेल दुधाळ दिसलं तर बदला.

उंचावर दर हजार मीटरला हवा साधारण दहा टक्क्यांनी विरळ होते. गाडी गुदमरू लागली आणि प्लग काजळला की मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोकाचं तोंड) एक-दोन नंबर लहान टाका. खाली उतरताच मूळ जेट परत बसवा, नाहीतर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतं.

सोबत घ्यायचं ते थोडकंच: २१ इंची जाड ट्यूब एकच (अडीअडचणीला ती १८ च्या टायरमध्येही चालते), तीन टायर लिव्हर, हातपंप, पंक्चरचं सामान, चेन तोडायचं हत्यार, दोन मास्टर लिंक (चेनची टोकं जोडणारी कडी), प्लग, फ्यूज, तार, केबल टाय, दोन भागांचा इपॉक्सी. मास्टर लिंकच्या क्लिपची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला ठेवा. आणि निघण्याच्या आठवडाभर आधी दोन्ही चाकं घरीच काढून-लावून बघा, फक्त त्याच पिशवीतल्या पान्यांनी. मागच्या अ‍ॅक्सलच्या नटला पाना नाही, हे बहुतेकांना तेव्हाच कळतं.