टेबलातच स्पीकर

सुतारकाकांना कॉम्प्युटर टेबलाचं माप देताना दोन्ही कोपऱ्यांत चार इंची गोल भोकं सांगितली, तर म्हणाले, "वायरीला एवढं भोक?" स्पीकर बसवणार म्हटल्यावर मात्र खूश झाले.

पुण्यातल्या तपकीर गल्लीतून आठ ओहमचे फुल-रेंज ड्रायव्हर आणले, म्हणजे जाड-बारीक सगळे सूर एकट्याने वाजवणारे, पेटीशिवायचे नुसते स्पीकर. ते टेबलाच्या मोकळ्या पोकळीत नुसते ठोकायचे नसतात. मागून निघणारा आवाज फिरून पुढच्याला मारतो आणि बेस गायब होतो, वर अख्खं टेबल थरथरतं. म्हणून प्रत्येकाला १८ मिमी प्लायची वेगळी बंद पेटी केली. आतून २० × १५ × १८ सेंमी, म्हणजे ५.४ लिटर. सांध्यांना फेविकॉल आणि स्क्रू, आत उशीतला फायबर, अगदी सैल भरलेला. पेटी आणि टेबल यांच्यामध्ये रबराच्या चकत्या. याच चकत्यांवर कंजुषी करू नका.

पुढची फळी मागे कललेली आहे, ड्रायव्हर थेट कानाकडे बघतात. टेबलावरून आपटून येणारा आवाज त्यामुळे थोडा कमी होतो, पूर्ण जात नाही.

अ‍ॅम्प्लिफायर टीपीए३११६ चिपचा बोर्ड, त्याला जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर. चिप २६ व्होल्टपर्यंत चालते, त्यामुळे चिंता नाही.

ढोल-ताशाचा दणका विसरा, ८० हर्ट्झच्या खाली, म्हणजे अगदी खोल आवाजात, हे ड्रायव्हर फारसं बोलत नाहीत. तानपुऱ्याची जवारी मात्र सुरेख येते. खोल आवाजासाठी वेगळा मोठा स्पीकर, म्हणजे सबवूफर? घरच्यांनी टेबलाखाली पाय ठेवायला जागा मागितलीय.